ऊन पाण्याचं घरकाम

आमच्या घरी गरम पाण्याचा टब आहे हे कळलं की बायका तीन प्रश्न विचारतात. केवढ्याला पडला? लाईट बिल किती येतं? आणि दाखवाल का? त्यांच्या जागी मी असते तर सगळ्यात आधी जो प्रश्न विचारला असता, तो मात्र अजून कुणी विचारलेला नाही. तो साफ कोण ठेवतं?

किमतीचं विचाराल तर मुलानं मला ती अजून सांगितलेली नाही. पुण्याहून २०२२च्या दिवाळीला येताना तो एक मोठं खोकं घेऊन आला आणि म्हणाला, "आजीच्या गुडघ्यांसाठी." सिनेमात दाखवतात तसा संगमरवरी हौद वगैरे काही डोळ्यांसमोर आणू नका. हा हवेनं फुगणारा गोल टब आहे. सहा फुटांच्या आसपास रुंद, मांडीच्या वरपर्यंत उंच, आत ८०० लिटर पाणी. शेजारी एक डबा, त्यात पंप, हीटर आणि बुडबुडे काढणारा ब्लोअर. वर जाड झाकण.

बहुतेकींना वाटतं, बाथरूममधल्या टबासारखं असेल. बसायचं, उठायचं, बूच काढायचं. तसं नाही. ८०० लिटर पाणी रोज तापवून रोज ओतून द्यायला आपण काही संस्थानिक नाही. यातलं पाणी आठवडेच्या आठवडे तेच राहतं. ते फिल्टरमधून फिरत राहतं, गरम राहतं आणि त्यात औषध टाकून ते निर्मळ ठेवावं लागतं. पाण्याचं हे जितराब एकदा दारात बांधलं की त्याचं रोज करावं लागतं.

माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या. दोन्ही गुडघ्यांची झीज. ऑपरेशनचं नाव काढलं की त्या भिंतीकडे तोंड करून झोपतात. सकाळी पलंगावरून उठून मोरीपर्यंत जायला त्यांना दहा मिनिटं लागायची, आणि थंडीत तर विचारूच नका. भुसावळच्या डॉक्टरांना मी आधीच विचारून ठेवलं होतं. ते म्हणाले, "झीज भरून निघणार नाही, हे लक्षात ठेवा. पण कोमट-गरम पाण्यात स्नायू सैल होतात, शरीराचा भार हलका होतो, ताठरपणा कमी होतो. आधी बीपी बघू, मग बसू द्या." बीपी बघितला, गोळ्यांची वेळ ठरवली आणि मगच टबाला हवा भरली.

या टबाचा जन्मही एका घरातल्या दुखण्यातूनच झालेला आहे. इटलीतून अमेरिकेत गेलेलं जकुझी नावाचं भावंडांचं कुटुंब. आधी विमानाचे पंखे करायचे, पुढे शेतातल्या विहिरींचे पंप. त्यातल्या कँदिदो जकुझी यांच्या लहान मुलाला, केनेथला, संधिवात जडला. दवाखान्यात पाण्याचे उपचार व्हायचे, पण तेवढे पुरायचे नाहीत. मग या पंप करणाऱ्या बापानं घरच्या टबात सोडता येईल असा छोटा पंप तयार केला. १९५०च्या दशकात तो दवाखान्यांसाठी आणि घरांसाठी विकायला आला. १९६८ साली त्याच घरातल्या रॉय जकुझी यांनी पंप टबातच बसवला आणि मग तो श्रीमंतांच्या बंगल्यात चैनीची वस्तू म्हणून मिरवू लागला. आपण 'जकुझी' म्हणतो ते त्या कुटुंबाचं आडनाव आहे. सासूबाईंना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "बापानं केलं व्हय? मंग चांगलंच अशीन."

आता दीपनगरविषयी. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, भुसावळहून वरणगावकडे जाताना हायवेवरूनच आमच्या केंद्राच्या चिमण्या आणि पाण्याची वाफ सोडणारे ते प्रचंड मनोरे दिसतात. औष्णिक वीज म्हणजे काय, तर मुळात पाणी तापवणं. कोळसा जाळायचा, पाण्याची ५४० अंशांच्या आसपास वाफ करायची आणि तिच्यावर चक्र फिरवायचं. त्या पाण्यात क्षार राहिले तर बॉयलरच्या नळ्यांना आतून थर धरतो आणि नळ्या फुटतात. म्हणून तिथे पाणी शुद्ध करणारा वेगळा विभाग असतो, प्रयोगशाळा असते. आमच्या ह्यांनी तिथे ३४ वर्षं पाण्याचे नमुने तपासले. २०२१ला रिटायर झाले, क्वार्टर सोडलं आणि आम्ही वसाहतीच्या कुंपणाबाहेर प्लॉटवर बांधलेल्या घरात राहायला आलो.

कुंपणाच्या आत तापीचं पाणी होतं, नळाला भरपूर होतं. बाहेर आलो आणि बोअरचं पाणी नशिबी आलं. खारं, जड. साबणाचा फेस होत नाही, तुरीची डाळ शिजत नाही, आणि गीझरच्या कॉईलवर सहा महिन्यांत चुन्याचा गिलावा. असं का होतं? जड पाण्यात कॅल्शियम विरघळलेलं असतं. पाणी तापलं की ते पाण्यात राहू शकत नाही, पांढरा थर होऊन चिकटतं. जिथे सगळ्यात गरम, तिथे सगळ्यात जास्त. म्हणजे हीटरवरच. तुमच्या घरी गीझर पूर्वीपेक्षा उशिरा तापतो आणि बिल वाढलंय अशी तक्रार असेल, तर मेकॅनिकला आधी कॉईल उघडून बघायला सांगा.

टब पहिल्यांदा भरायचा ठरला तेव्हा ह्यांनी लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी. ८६० किलोकॅलरी म्हणजे विजेचं एक युनिट. ८०० लिटर, २४ अंशांवरून ३९पर्यंत, म्हणजे १५ अंश. गुणाकार-भागाकार करून उत्तर आलं १४ युनिट. हा हिशेब तुम्ही तुमच्या गीझरलाही लावून बघा. १५ लिटरचा गीझर २५ अंशांवरून ६०पर्यंत तापवला तर अर्ध्या युनिटपेक्षा थोडं जास्त लागतं. आमचं पाणी तापायला सकाळपासून अंधार पडेपर्यंतचा वेळ लागला, कारण हीटर दोन हजार वॉटचा आणि तापता तापता वरून वाफ जात होती. पुढे आम्ही टबाला वेगळा छोटा मीटर लावला. डिसेंबरच्या थंडीत पाणी ३९ अंशांवर धरून ठेवायला रोज सहा-सात युनिट जातात. महिन्याचे झाले दोनशे. पण नुसते युनिट मोजून भागत नाही. शंभर आणि तीनशे युनिटच्या पुढे दर चढतो, त्यामुळे टबाचे दोनशे युनिट घरातल्या बाकीच्या विजेलाही वरच्या पायरीवर नेऊन बसवतात. ज्यांच्याकडे छतावर सोलर आहे त्यांची गोष्ट वेगळी.

झाकण हा यातला सगळ्यात कमावता भाग. झाकण उघडं राहिलं की पैसे वाफेवाटे आभाळात. खाली जमिनीवर आम्ही जाड फोमच्या चटया टाकल्या, त्यानंही फरक पडला.

वायरिंगच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकलं नाही. पाणी, ओलं अंग आणि वीज एकत्र. अर्थिंग तपासून घेतलं, वेगळा १६ अँपिअरचा प्लग टबापासून लांब आणि उंचावर घेतला, आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवला. करंट गळायला लागला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. एक्स्टेन्शन बोर्ड टबाला कधीच नाही. खरं तर हा ईएलसीबी गीझर असलेल्या प्रत्येक घरात हवा. नवीन बंगल्यांत इटालियन टाइल्स असतात आणि तो नसतो.

सगळं तयार झालं आणि सासूबाई टबाजवळ आल्या. पाण्याकडे बघत राहिल्या. "काबरं वं माय, इतलं पानी नुसतं बसाले?" मग पुढचा प्रश्न, "आनि उद्या बी हेच पानी?" साठलेल्या पाण्यात दुसऱ्यांदा बसायचं हे त्यांच्या पचनी पडेना. त्यांच्या हिशेबी पाणी वाहतं असलं तरच ते शुद्ध. त्यांनी उनपदेवचं उदाहरण दिलं.

उनपदेव आमच्या जळगाव जिल्ह्यातच, चोपडा तालुक्यात अडावदच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी. गोमुखातून गरम पाण्याची धार पडते आणि कुंडात जमा होते. रामानं बाण मारून शरभंग ऋषींसाठी तो झरा काढला असं सांगतात. अंगावर खाज-खरूज असलेली, सांधे धरलेली माणसं तिथे अंघोळीला येतात. सासूबाई लग्नानंतर बैलगाडीतून गेल्या होत्या. आम्हीही त्यांना यावल-किनगाववरून गाडीनं नेऊन आणलं. धारेखाली पाय धरून बसल्या, समाधान झालं. पण रोज सकाळी उनपदेवला कोण नेणार? आणि एक गोष्ट खरी की तिथे जमिनीच्या पोटातलं पाणी येत राहतं आणि जात राहतं. वाहणारं पाणी स्वतःच स्वतःला धुतं. घरच्या टबातल्या पाण्यासाठी ते काम माणसाला करावं लागतं. सासूबाईंची शंका म्हणजे अडाणीपणा अजिबात नव्हता, नेमकी ती मुद्द्याची होती.

कारण ३८-४० अंशांचं पाणी आपल्याला जसं सुखाचं, तसंच जंतूंनाही. त्यात माणसाचा घाम, कातडीचा भुगा, तेल. औषध कमी पडलं की दोन दिवसांत पाण्यात जंतू माजतात. साधा प्रकार म्हणजे अंगावर लाल पुरळ उठतं, टबात भिजलेल्या कपड्याखाली जास्त. आणि गंभीर प्रकार ऐकायचा तर नेदरलँड्समधल्या १९९९ सालच्या फुलांच्या प्रदर्शनाचा. तिथे बुडबुडे सोडणारा एक टब नुसता दाखवायला चालू ठेवला होता. त्यातल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढले, बुडबुड्यांबरोबर तुषारांतून हवेत उडाले आणि शेजारून चालत जाणाऱ्यांच्या फुप्फुसात गेले. शेकडो लोक न्यूमोनियानं आजारी पडले आणि ३२ जणांचा जीव गेला. टबात उतरण्याचीही गरज पडली नाही. हे वाचल्यापासून मी औषधाच्या बाबतीत "आज राहू दे, उद्या बघू" म्हणत नाही.

औषध म्हणजे क्लोरीन. पण ग्रामपंचायतीतून मिळणारी टीसीएल पावडर यात घालायची नाही. तिच्यात चुना असतो, आधीच खारं असलेलं पाणी आणखी जड होतं आणि तळाशी गाळ बसतो. टबासाठी सहज विरघळणारे क्लोरीनचे दाणे मिळतात. दर लिटरमागे ३ ते ५ मिलिग्रॅम क्लोरीन राहायला हवं. आणि पाणी फार आंबट नको, फार खारं नको. त्याचा आकडा ७.२ ते ७.८ यांच्यामध्ये. तो घसरला तर हीटर गंजतो आणि डोळे चुरचुरतात, चढला तर क्लोरीन निकामी होतं आणि क्षार बसतात. हे मोजायला कागदी पट्ट्या येतात, पाण्यात बुडवायच्या आणि रंग जुळवायचा. आमच्या बोअरच्या पाण्यात तो आकडा वरच जायचा. शेवटी टब भरायला आम्ही गोड्या पाण्याचा टँकर घेतला. ते पाणी गच्चीवरच्या टाकीत घेऊन, जाळीदार फडक्यातून गाळून सोडलं.

एक गोष्ट मात्र लिहून भिंतीला लावा, टब असो वा नसो. क्लोरीन किंवा ब्लीचिंग पावडर आणि संडास-बाथरूम धुवायचं ॲसिड एकत्र येऊ द्यायचं नाही. एका बादलीत नाही, एका मोरीत नाही, एकामागोमाग एक नाही. त्यातून विषारी वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. फिल्टरवरचा पांढरा थर काढायला मी लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तो भिजत घालते, पण त्याआधी साध्या पाण्यात चांगला खळखळून धुते, क्लोरीनचा अंश राहू नये म्हणून.

खरी लढाई तेलावर झाली. गुडघ्याला तिळाचं तेल चोळून मग ऊन पाणी, ही सासूबाईंची उभ्या जन्माची पद्धत. आपल्या अभ्यंगस्नानाचीही तीच. पण तेल टबात गेलं की पाण्यावर तवंग, कडेला काळपट रेघ आणि फिल्टर चिकट. पहिल्याच आठवड्यात पाणी गढूळ झालं. ह्यांनी आईला शास्त्र समजावलं, त्यांनी ते दोन्ही कानांनी ऐकून सोडून दिलं. मग मी म्हटलं, "आई, तेल लावून टबात बसलं की सगळं तेल पाण्याला मिळतं. गुडघ्याला काय मिळतं?" हे पटलं. आता आधी ऊन पाणी आणि बाहेर आल्यावर, कोरडं झाल्यावर, तेल. डॉक्टरही म्हणाले, असंच करा.

कपड्यांचंही तसंच. लुगडं नेसून टबात बसता येत नाही, त्याचे धागे सुटतात आणि कपड्यातली साबणाची पावडर पाण्यात उतरते. दुधावर यावा तसा फेस येतो. सासूबाईंसाठी दोन सुती मॅक्सी शिवल्या, त्या फक्त टबासाठी. साबण न लावता साध्या पाण्यात खंगाळायच्या. टबात उतरण्याआधी दोन तांबे अंगावर घेऊन अंग स्वच्छ करायचं. जपानमध्ये घरोघरी गरम पाण्याचा हौद असतो, एकच पाणी घरातले सगळे एकामागून एक वापरतात. पण कुणीही बाहेर अंग घासून-धुऊन घेतल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही. साबण बाहेर, आत नुसतं बसणं. हे सांगितल्यावर सासूबाईंचा साठलेल्या पाण्यावरचा राग बराच उतरला. "म्हंजे सवळंच हाये की त्यायचं," म्हणाल्या.

आता कामाचं. रोज सकाळी पट्टी बुडवून बघायची. दाणे मोजून घालायचे. तरंगणारा कचरा, केस, पाखरांची पिसं चाळणीनं काढायची. दिवसाआड फिल्टर धुवायचा. कडा पुसायची. झाकणाची आतली बाजू पुसायची, नाहीतर काळी बुरशी धरते. सासूबाईंना हात देऊन उतरवायचं, वीस मिनिटं जवळ बसायचं, बाहेर काढायचं, पुसायचं, कपडे बदलायचे, सांडलेलं पाणी पुसायचं, कारण ओल्या फरशीवर घसरल्या तर गुडघ्यासाठी केलेली सगळी खटपट खुब्यावर येईल. घरात तोपर्यंत कुकर, पोळ्या, नळ, दूधवाला चालूच. मुलगा फोनवर विचारायचा, "आजीला बरं वाटतंय ना? मस्त ना?" मस्तच होतं. फक्त महिनाभरात माझी कंबर धरली, आणि त्या वेळी मला गरम पाण्यात बसायला वेळ नव्हता.

जुन्या घरात तांब्याचा बंब होता. पऱ्हाट्या आणि तुराट्या घालून तो पेटवायचा, राख काढायची, चिंचेनं घासून लखलखीत करायचा. तेही बाईचंच काम, आणि शेवटचं कोमटसं पाणी बंब पेटवणारीच्याच वाट्याला. गीझर आला तेव्हा वाटलं सुटलो. आणि आता हा पाहुणा.

भांडले नाही. ह्यांच्याच जुन्या फायलीतला एक कोरा कागद काढला. प्लँटमध्ये दर पाळीला आकडे भरायचा तक्ता असतो, लॉगशीट. तसाच तक्ता आखला. तारीख, वेळ, तापमान, क्लोरीन, आंबट-खारटपणा, फिल्टर, झाकण आणि शेवटच्या रकान्यात सही. मागच्या दाराला टाचला आणि म्हटलं, "अहो, चौतीस वर्षं सरकारी पाणी तपासलंत. आता घरचं तपासा. सही तुमची."

ह्यांनी चष्मा लावून तक्ता वाचला. म्हणाले, "यात हार्डनेसचा रकाना नाही." मी म्हटलं, "आखा." त्या दिवसापासून पाण्याचं सगळं त्यांच्याकडे. तपासणी, दाणे, फिल्टर. माझ्यापेक्षा चोख करतात, हे कबूल करायला हवं. रिटायर झाल्यापासून पेपर चार वेळा वाचणारा माणूस सकाळी सहाला चाळणी घेऊन टबाभोवती फिरू लागला. सासूबाईंना उतरवणं-काढणं माझ्याकडे राहिलं. ते मला नकोसं कधीच नव्हतं. तिथे आम्ही दोघी बोलतो. पंचवीस वर्षांत मोरीबाहेर उभं राहून जेवढ्या गप्पा झाल्या नाहीत तेवढ्या टबाच्या कडेला झाल्या.

पण एक प्रश्न त्या तक्त्यात बसला नाही. आमच्याकडे भांडी-झाडूला येणाऱ्या ताईंनी टब पाहिला त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी सहज म्हणाल्या, "वहिनी, आमच्या घरी चार ड्रम आहेत. तेवढ्यात आठ दिवस काढतो." हिशेब केला तर चार ड्रम म्हणजे ८०० लिटर. नेमका एक टब. भुसावळात आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी नळ येतो हे आम्हाला ठाऊक होतंच, पण वसाहतीत राहून ते अंगाला लागलं नव्हतं.

मग पाणी किती दिवसांनी बदलायचं याचा हिशेब नीट बसवला. साधा ठोकताळा असा, की टबाच्या लिटरला साडेअकरानं भागायचं आणि रोज जितकी माणसं उतरतात त्यांनी पुन्हा भागायचं. येतील तितके दिवस पाणी चालतं. आमचे ८०० लिटर एका माणसाला सत्तर दिवस, दोघांना पस्तीस. नातवंडांनी मजा म्हणून उड्या मारल्या तर आठवडाभरात पाणी संपलं समजा. म्हणून टब सासूबाईंचा, बाकी कुणाचा नाही, असं ठरवलं. मी आठवड्यातून एकदा बसते, तेही कंबरेसाठी. पाणी काढायचं झालं की तीन-चार दिवस आधी क्लोरीन घालणं बंद, झाकण उघडं, ऊन लागू द्यायचं. पट्टीवर क्लोरीन शून्य आलं की ते पाणी लिंबाला, नारळाला आणि उरलेलं अंगण-ओटा धुवायला. त्यामुळे ताईंच्या ड्रममध्ये थेंबभर भर पडत नाही, हे मला कळतं. आमच्या टँकरमधून टब भरून जे पाणी उरतं ते आता त्यांच्या ड्रमात जातं. एवढंच जमतं.

कुणी बसू नये, हेही सांगते. पाणी ४० अंशांच्या वर कधीच नाही, आणि वयस्कर माणसाला ३७-३८ पुरे. पंधरा-वीस मिनिटं बास. एकट्या म्हाताऱ्या माणसानं उतरायचं नाही. गरम पाण्यात बीपी उतरतो, उठताना भोवळ येते, म्हणून आधी कडेवर बसायचं आणि मग उभं राहायचं. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मधुमेहानं पायाची जाणीव गेली असेल तर पाणी किती गरम आहे ते पायाला कळत नाही, भाजल्याचं नंतर दिसतं. जखम असेल तर नाही. लहान मुलांना तर नाहीच, आणि झाकण नेहमी कुलूपबंद. माझी भाची तिसऱ्या महिन्यात आमच्याकडे आली होती, पाठ दुखते म्हणून टबात बसते म्हणाली. मी नको म्हटलं. सुरुवातीच्या महिन्यांत आईच्या अंगाची उष्णता फार वाढली तर बाळाच्या मेंदू-मणक्याच्या वाढीत दोष येण्याचा धोका वाढतो. ती जरा रुसली. सासूबाईंनीच तिला पाठीला शेक दिला, गरम पाण्याच्या पिशवीनं.

गुडघ्यांचं विचाराल, तर झीज जिथे आहे तिथेच आहे. पण पलंगापासून मोरीपर्यंतची दहा मिनिटं हिवाळ्यात चारांवर आली. रात्रीची वेदनेची गोळी रोजची होती, ती आठवड्यातून दोनदा झाली. टबाबाहेर डॉक्टरांनी दिलेले पायाचे व्यायामही चालू होते, त्यामुळे श्रेय कुणाचं किती, हे सांगता येत नाही.

आणि हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीच. मार्च लागला की जळगाव जिल्ह्यात गरम पाण्यासाठी पैसे खर्च करणं म्हणजे दिवसा कंदील लावणं. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात भाजतं, अंघोळीचं पाणी रात्रीच भरून थंड करत ठेवावं लागतं. टब तसाच पडू दिला आणि पावसाचं पाणी साचलं, तर डेंग्यूच्या डासांना आयतं घर. स्वच्छ साठलेल्या पाण्यातच तो डास अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडते. आमच्याकडे येणाऱ्या आशाताईंनी पहिल्या वर्षी टब पाहिला, बॅटरी मारून आत डोकावल्या आणि विचारलं, "याचा कोरडा दिवस कोणता?" ह्यांनी त्यांना अभिमानानं लॉगशीट दाखवलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "हे ठीक आहे काका, पण उन्हाळ्यात रिकामा करा."

म्हणून होळीच्या सुमाराला टब रिकामा होतो. नळ्यांतलं पाणी ब्लोअर चालवून काढायचं, दोन दिवस सावलीत वाळवायचा, घडीत ओल राहिली तर बुरशी धरते. मग कडुनिंबाचा पाला घालून गुंडाळायचा आणि उंदरांपासून लांब, लोखंडी पेटीत. यंदा गुंडाळताना झाकणाची चेन तुटली. भुसावळला बाजारात बॅगा शिवणारे बसतात, त्यांच्याकडून ती बदलून आणायची आहे. ते काम लॉगशीटच्या तळाशी लिहिलंय, ह्यांच्या नावापुढे. सही अजून व्हायची आहे.